हाच म्हणजे कोणता?

पहिल्या आठवड्यात आयसीयूच्या बाहेर जो भेटायला यायचा, तो एकच वाक्य बोलून जायचा. जिवावरचं शेपटावर निभावलं. सासूबाई म्हणाल्या, नणंद म्हणाली, प्रेसमधली मंडळी म्हणाली, खालच्या मजल्यावरच्या काकू प्रसादाची पुडी हातात देताना म्हणाल्या. मीही म्हणत होते, आणि अगदी मनापासून म्हणत होते. व्हेंटिलेटरवर का होईना, माणूस श्वास घेत होता. काचेतून छाती वरखाली होताना दिसायची. त्या दिवसांत मला त्यापलीकडचं काही नकोच होतं.

आता तीन वर्षं झाली. जीव राहिला आणि शेपूट गेलं, तर ते शेपूट म्हणजे नेमकं काय होतं, हे मला अजून पुरतं उमगलेलं नाही. पण एवढं कळलंय की ते मोजायला कुणी बसत नाही. ना डॉक्टर, ना घरचे, ना ज्याचं गेलं तो.

माझे मिस्टर मुद्रितशोधक. प्रेसमध्ये सगळे प्रूफरीडरच म्हणायचे. लग्नानंतर कित्येक वर्षं हे रात्री प्रुफं घरी आणत. मी मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि हे लाल पेन घेऊन प्रुफावर खुणा करत जायचे. कॉमा आला की मी ‘कॉमा’ म्हणायची, परिच्छेद बदलला की ‘नवा पॅरा’. आमच्या संसारातल्या बहुतेक गप्पा दोन कॉमांच्या मधे झाल्या आहेत. ह्यांनी मला खुणाही शिकवल्या होत्या. काढून टाकायच्या अक्षरावर शेपटीवाली रेघ. दोन शब्द चिकटले असतील तर मधे उभी रेघ. आणि एखादा बरोबर शब्द चुकून खोडला गेला तर त्याच्या खाली ओळीने टिंबं द्यायची. खोडलंय खरं, पण हा शब्द आहे तसाच राहू द्या, असा त्या टिंबांचा अर्थ. मला तेव्हा ती खूण फार आवडली होती.

जुलै २०२२ मधली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ, मुसळधार पाऊस. हे प्रभादेवीहून स्कूटरवर घरी येत होते. विक्रोळीला कन्नमवार नगरच्या अलीकडे पाण्याने भरलेला खड्डा लागला. हेल्मेट डोक्यावर होतं, पण पट्टा लावलेला नव्हता. डोकं रस्त्यावर आपटायच्या आधीच हेल्मेट निघून घरंगळत गेलं, असं बघणारे सांगतात. दोन अनोळखी मुलांनी ह्यांना रिक्षात घातलं, हॉस्पिटलात पोचवलं, मोबाइलमधून माझा नंबर शोधून फोन केला. मी पोचेपर्यंत ती निघून गेली होती. पोलिसांच्या भानगडीत अडकायला नको म्हणून गेली असणार. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, त्यानंतर अपघातात मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही, स्वतःचं नाव सांगायची सक्तीसुद्धा करता येत नाही. हे त्या मुलांना ठाऊक असतं तर ती कदाचित दहा मिनिटं थांबली असती आणि मला त्यांच्यासमोर हात जोडता आले असते.

रात्री दोन वाजता एक तरुण डॉक्टर बाहेर आली. ‘जीसीएस सात आहे,’ म्हणाली. १५ पैकी ७. मी ते मार्कांसारखं धरलं आणि निम्म्याच्या जवळ आहेत म्हणून मनाला धीर दिला. पुढे कळलं की जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, माणूस किती शुद्धीवर आहे ते मोजायची पट्टी, आणि ती शून्यापासून सुरूच होत नाही. ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये ती तयार केली. डोळे उघडण्याचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६. काहीही प्रतिसाद नसला तरी ३ मिळतात. ८ किंवा त्याच्या खाली म्हणजे गंभीर इजा. सातचा अर्थ मला त्या रात्री समजला नाही ते बरंच झालं.

मेंदूला सूज होती, आत जागा नव्हती. म्हणून उजव्या बाजूचं कवटीचं हाड काढलं आणि ते हाड ह्यांच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवून दिलं. आपल्याकडे हे सर्रास करतात. शरीरातच राहिलं की हाड चांगलं टिकतं, सूज उतरली की काही महिन्यांनी परत बसवायचं. डोक्याच्या पट्टीवर मार्करने ‘नो बोन’ लिहिलेलं होतं, चुकून कुणाचा हात जोरात लागू नये म्हणून. पुढे शुद्धीवर आल्यावर ह्यांचा हात सारखा पोटाकडे जायचा. तिथे कातडीखाली कडक, किंचित वळलेलं काहीतरी लागायचं. ‘हे काय आहे?’ असं मला दिवसातून वीस वेळा विचारायचे. दर वेळी मी सांगायची, तुमच्या डोक्याचं हाड आहे. दर वेळी ह्यांच्या चेहऱ्यावर तोच धक्का, पहिल्यांदा ऐकल्यासारखा. ते सांगताना मला काय व्हायचं, ते मी कुणालाच बोलले नाही.

शुद्धीवर येणं म्हणजे माणूस डोळे उघडतो, बायकोचं नाव घेतो, नर्स हसते, असं माझ्या डोक्यात होतं. अकराव्या दिवशी डोळे उघडले. पुढचे जवळजवळ पाच आठवडे ह्यांना स्थळकाळाचं भान नव्हतं. नाकातली नळी उपटायचे, म्हणून हात गॉजच्या पट्ट्यांनी कॉटला बांधलेले. आणि तोंडात शिव्या. ज्या माणसाने बावीस वर्षांत वॉचमनलासुद्धा ‘अहो’ म्हटल्याशिवाय हाक मारली नाही, त्याच्या तोंडून वॉर्डातल्या मामांना, मावशींना, मला अशा शिव्या, की त्या ह्यांना येत होत्या हेच मला माहीत नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, ‘ताई, मनाला लावून घेऊ नका. हे ते बोलत नाहीयेत, मेंदू बोलतोय.’

त्या वाक्याला मी कितीतरी महिने धरून होते. ओरडले की मेंदू ओरडला, ताट भिरकावलं की मेंदूने भिरकावलं. पण एके दिवशी हे गॅलरीतून आत आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. आणि माझ्या मनात आलं, मग हा हात कुणाचा? राग मेंदूचा आणि माया ह्यांची, अशी वाटणी मला करता येईना.

डिस्चार्ज कार्डावर गोळ्या होत्या, टाके काढायची तारीख होती, फिजिओथेरपी लिहिलेली होती. घरी गेल्यावर काय होईल ते कुठेच नव्हतं. आमचं घर एक खोली, स्वयंपाकघर आणि गॅलरी. जखमी मेंदूला आवाज सोसत नाही, हे आम्हाला कुकरच्या पहिल्या शिट्टीला समजलं. दोन्ही कान दाबून हे जमिनीवर बसले आणि थरथरायला लागले. त्या दिवसापासून आमच्या घरात कुकरची शिट्टी झालेली नाही. डाळ पातेल्यात शिजते, तासभर आधी भिजत घालून. टीव्ही बंद. मिरवणुकीच्या दिवशी ताशे वाजायला लागायच्या आत ह्यांना घेऊन नणंदेकडे बदलापूरला जायचं.

आवाजापेक्षा मला ह्यांचं गप्प बसणं जास्त जड गेलं. सकाळी सातला गॅलरीत खुर्चीवर बसले की अकरापर्यंत तसेच. पेपर मांडीवर, पण पान उलटलेलं नाही. आंघोळीला चला म्हटलं तर ‘हो’ म्हणायचे आणि उठायचे नाहीत. शेजारी म्हणायचे, किती शांत झालेत हो. मला आळस वाटायचा, हट्ट वाटायचा, वाईट दिवसांत तर मुद्दाम मला छळताहेत असंही वाटायचं. ठरवणं आणि करणं ह्यांच्या मधे मेंदूत एक खटका असतो आणि तो खटकाच तुटलाय, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. ‘आंघोळ करा’ म्हणण्याऐवजी टॉवेल हातात द्या आणि दोन पावलं बरोबर चाला, म्हणाले. करून पाहिलं. उठले.

ह्याच डॉक्टरांनी एकदा केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं. कवटी बाहेरून गुळगुळीत असते, पण आतून, कपाळाच्या आणि कानशिलांच्या मागच्या तळाशी, तिला खडबडीत कंगोरे असतात. वेगातलं डोकं एकदम थांबलं की आतला मेंदू हलतो आणि त्या कंगोऱ्यांवर घासला जातो. म्हणून मार कुठेही लागो, पुढचा भाग बहुतेक वेळा दुखावतोच. आणि मन आवरणं, पुढचं ठरवणं, समोरच्याला काय वाटेल ते ओळखणं, ही कामं त्याच भागाची. शिवाय मेंदूतल्या बारीक तंतूंना ताण बसतो, ते तुटतात. साध्या सीटी स्कॅनमध्ये ते बहुधा दिसत नाही. मी ते चित्र घरी आणलं, अजून आहे माझ्याकडे. ज्या स्वभावावर मी भाळले होते, तो कपाळामागच्या दोन-तीन इंच जागेत होता, हे पचायला मला खूप दिवस लागले.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते, कारण ती मला कुणी आधी सांगितली असती तर आमचे चार महिने वाचले असते. आकडी येऊ नये म्हणून ह्यांना लेव्हेटिरासिटाम चालू होती. त्या गोळीने काही रुग्णांची चिडचिड वाढते. राग ही डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे, हेच मला सुचलं नव्हतं. घरातलं कशाला बाहेर, असं वाटायचं. शेवटी मुलीनेच ओपीडीत सांगून टाकलं. डॉक्टरांनी हळूहळू ती कमी करत दुसरी गोळी सुरू केली आणि ताटं भिरकावणं थांबलं. राग संपला नाही, पण त्याला कड आली. (आपल्या मनाने ती गोळी बंद मात्र कधी करू नये, आकडी येऊ शकते.)

मुलीने मोबाइलवर शोधून मला फिनीस गेजची गोष्ट वाचून दाखवली. अमेरिकेतला रेल्वेचा मुकादम. १८४८ मध्ये सुरुंगाच्या स्फोटात लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून डोक्यातून बाहेर पडली आणि तो जगला. स्वभाव मात्र असा बदलला की ओळखीचे लोक म्हणायला लागले, हा आता गेज राहिलाच नाही. मेंदूच्या पुस्तकांत ही गोष्ट असतेच म्हणे. मला त्यातलं पुढचं लक्षात राहिलं. तो चिलीला गेला, तिथे काही वर्षं घोडागाडी हाकली. ठरलेला रस्ता, ठरलेले घोडे, रोज तेच काम, आणि ते त्याला जमलं. मग तब्येत ढासळली तेव्हा तो सॅन फ्रान्सिस्कोला आईकडे आला. पुढे त्याला आकड्या सुरू झाल्या आणि १८६० मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी तो गेला. पहार कुठून शिरली, कुठून निघाली, ह्यावर दीडशे वर्षं लोक लिहिताहेत. मला त्या आईला विचारायचं होतं, दारात आलेला मुलगा तुम्हाला ओळखीचा वाटला का हो?

अपघातानंतरची पहिली वटपौर्णिमा जून २०२३ मध्ये आली. डोक्याचं हाड बसवून झालं होतं, केसही आले होते. दिसायला हे पूर्वीसारखेच. सासूबाई सकाळीच म्हणाल्या, ‘ह्या वर्षी तर गेलंच पाहिजे. सावित्रीने नवरा परत आणला, तसा तू आणलास.’ मी हिरवी साडी नेसले, पाच आंबे, हळदकुंकू, दोऱ्याची गुंडी घेऊन कॉलनीतल्या वडाशी गेले. बायकांची गर्दी, हसणं-खिदळणं. पहिली फेरी घेताना सवयीने तोंडात आलं, जन्मोजन्मी हाच... आणि पुढचा शब्द निघेना.

हाच म्हणजे कोणता?

ज्याने मला प्रुफाच्या खुणा शिकवल्या तो? का काल आमटीत मीठ जास्त झालं म्हणून वाटी भिंतीवर मारली तो? ज्याच्यासाठी मी बावीस वर्षं हा धागा गुंडाळला, तो सध्या कुठे आहे? आणि जो घरी गॅलरीत बसलाय, त्याच्याशी माझं लग्न कधी लागलं? मागची बाई म्हणाली, चला ना हो. मी चालले. सात फेऱ्या पुऱ्या केल्या. मनात काही म्हटलं नाही.

माझी आजी ती कथा सांगायची, ती यमाने वर दिल्यावर संपायची नाही. तिच्या कथेत सत्यवान लाकडं तोडता तोडता ‘डोकं दुखतंय’ म्हणतो आणि सावित्रीच्या मांडीवर डोकं ठेवून निजतो. लहानपणी मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं, डोकंच दुखलं होतं त्याचं. आणि यम निघून गेल्यावर तो उठतो, तर त्याला काही कळत नाही. रात्र झालेली, अंगात त्राण नाही. तेव्हा सावित्री त्याची फळांची टोपली झाडाच्या फांदीला टांगून ठेवते, कुऱ्हाड आपण घेते, त्याचा हात स्वतःच्या खांद्यावर टाकते आणि अंधारातून चालायला लागते. यमाशी वाद घालून झाल्यावर तिला एवढं चालावं लागलं. गुरुजी हा भाग घाईत उरकतात.

त्या दिवशी घरी येऊन मी मोरीत नळ सोडून रडले. कुणी गेलं तर आपल्याकडे रडायला दिवस नेमून दिलेले आहेत. शेजारी पिठलं-भात आणून देतात, दहावं होतं, तेरावं होतं, लोक येऊन बसतात, गेलेल्याबद्दल बोलतात. माझा माणूस गेला होता आणि जेवायला समोर बसला होता. मी कुणापाशी काय म्हणायचं? नुसतं ‘पूर्वीचे हे फार आठवतात’ म्हटलं तर सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि नणंद म्हणायची, ‘वहिनी, कुंकू शाबूत आहे, असं बोलू नये.’

ज्या दिवशी मी पुरती मोडले, तो दिवस साधाच होता. हे स्कूटरची किल्ली मागत होते. प्रेसमध्ये जायचंय, उशीर होतोय. आपल्याला काही झालंय हेच ह्यांना तेव्हा मान्य नव्हतं. मेंदूला स्वतःची इजाच दिसत नाही, असंही होतं. किल्ली आम्ही तांदळाच्या डब्यात लपवली होती. सकाळपासून चाळीस वेळा तो प्रश्न, आणि एक्केचाळिसाव्या वेळी मी ह्यांचं मनगट धरून ओढलं आणि खुर्चीत दाबून बसवलं. एवढ्या जोरात, की दुसऱ्या दिवशी तिथे माझी चार बोटं काळीनिळी उमटलेली होती. हे विचारत होते, ‘हे कशाने झालं गं?’ ह्यांना आठवत नव्हतं. मला खोटं बोलणं किती सोपं होतं! मी म्हणाले, मी केलं. हे माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘मग मीच काहीतरी केलं असणार.’

त्या आठवड्यात ओपीडीतल्या समाजसेवा विभागातल्या बाईंना मी हे सांगितलं. त्यांनी मला दोष दिला नाही आणि ‘तुम्ही किती करता हो’ असंही म्हटलं नाही. विचारलं, झोप किती तास लागते? गेल्या महिन्यात घराबाहेर एकट्या कितीदा गेलात? बीपी कधी तपासलं? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. मग त्यांनी सांगितलं की मी जे सोसतेय त्याला नाव आहे. अमेरिकेतल्या पॉलिन बॉस म्हणून एक बाई, त्यांनी १९७० च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांबरोबर काम केलं. माणूस मेल्याचं कळत नाही आणि परत येत नाही, अशा घरांचं दुःख वाहतं होतच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. पुढे त्यांनी दुसरा प्रकारही त्यातच धरला: माणूस समोर आहे पण पूर्वीचा तो नाही. त्याला ‘ॲम्बिग्युअस लॉस’ म्हणतात. मी मनाशी अधांतरी दुःख म्हणते. बाई म्हणाल्या, ‘तुम्ही पूर्वीच्या त्यांच्यासाठी रडा. त्याने आत्ताच्यांचा काही अपमान होत नाही.’

मी पस्तीस मिनिटं रडले. घड्याळ समोरच होतं म्हणून सांगता येतं. बीपी १६० निघालं. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी, रुग्ण सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोचा एक मुलगा तीन तास घरी येतो आणि मी बाहेर पडते. पहिल्या गुरुवारी कुठे जायचं ते सुचेना, विक्रोळी स्टेशनच्या बाकावर बसून गाड्या बघितल्या. त्याचे पैसे जड जातात, तरी मी ते औषधाच्या खर्चातच धरते. बाकावर माझ्यासारख्या भेटलेल्या तिघी आता मैत्रिणी आहेत. एकीचा मुलगा लोकलमधून पडलेला, एकीचा भाऊ बांधकामावरून. आमच्यात कुणी कुणाला ‘बरे आहेत का आता?’ विचारत नाही. ‘आज कसा गेला?’ विचारतो.

हाजीअलीला फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनची सरकारी संस्था आहे, १९५५ पासूनची. तिथे जायचं तर विक्रोळीहून दादर, दादरहून महालक्ष्मी. दिव्यांगांच्या डब्यात चढलो की नजरा फिरतात. हातपाय धड, डोळे धड, केस विंचरलेले. ‘ह्यांना काय झालंय?’ असं एकदा कुणीतरी जरा चढ्या आवाजात विचारलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार दिलेत, त्यांत डोक्याच्या इजेचं असं वेगळं नाव नाही. मग ह्यांच्या चालण्यातला तोल जातो त्यावर, विसरण्यावर, जे जिथे बसेल त्यावर कागद करावे लागतात. विचारणाऱ्या माणसाची काठी होती, तोही थकलेला होता. मी काही बोलायच्या आत हेच म्हणाले, ‘माझ्या डोक्याला मार आहे. मला पटकन राग येतो. तुम्ही बसा.’ तो माणूस सरकला आणि त्याने आम्हा दोघांना जागा दिली.

मुलीबद्दल मी थोडंच लिहिणार आहे, कारण बाकीचं तिचं तिने लिहायचं. अपघात झाला तेव्हा ती दहावीत होती. एका रात्री अंधारात म्हणाली, ‘आई, मला हे बाबा आवडत नाहीत. मी वाईट आहे का?’ सगळ्यांनी तिला शहाणी, समजूतदार म्हणून म्हणून गप्प करून टाकलं होतं. मी तिला म्हटलं, मलाही कधीकधी आवडत नाहीत. ती माझ्या कुशीत शिरली आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपली.

आणि ह्यांचं काय? आम्ही सगळे आपापल्या दुःखात असताना ह्यांना काही कळत नाही, त्या मानाने सुखी आहेत, असं मी धरून चालले होते. माझी ती फार मोठी चूक होती.

ऑक्युपेशनल थेरपिस्टनी आठवणींसाठी एक वही करायला सांगितली. रोज घडेल ते लिहायचं, विसरलं की वही बघायची. पहिल्या पानावर मुलीने सुवाच्य अक्षरात लिहून दिलं: नाव, पत्ता, आमचे फोन, अपघाताची तारीख, पत्नी, मुलगी, आणि काम: मुद्रितशोधक. हे रोज लिहायला लागले. अक्षर वाकडं, पण ऱ्हस्वदीर्घ अचूक. सकाळचा नाश्ता आठवत नसे, पण स्वतःच्याच ओळीत ‘आणी’ पडलं तर त्यावर लाल खूण करून समासात ‘णि’ लिहिलेला असे.

ते बघून प्रेसच्या मालकांनी ह्यांना एक दिवस बोलावलं. मीही गेले. जुनं टेबल, जुनी खुर्ची, समोर एक प्रूफ. हे एकेक अक्षर बरोबर पकडत होते. पण मूळ प्रतीतली एक आख्खी ओळ प्रुफात गळली होती, ती ह्यांच्या हाती लागली नाही. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात सुटून जात होती. वीस मिनिटांनी कपाळ टेबलावर टेकलं. कुणी काही बोललं नाही, सगळ्यांनी प्रेमाने चहा दिला. घरी आल्यावर ह्यांनी वहीचं पहिलं पान काढलं आणि ‘मुद्रितशोधक’ हा शब्द खोडला. इतका दाबून, की कागद फाटला.

त्या रात्री म्हणाले, ‘मी तेव्हाच गेलो असतो तर तुम्ही दोघी सुटला असता.’ हे मेंदूचं बोलणं नव्हतं. जे गेलंय ते ह्यांना दिसायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, भान जसं परत येतं तसं नैराश्यही येतं, ते ओळखायला हवं. सिएटलमधल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, मेंदूला मार लागलेल्या ५५९ रुग्णांचा. त्यांतल्या ५३ टक्के लोकांना पहिल्या वर्षात कधी ना कधी खोल नैराश्य आलं होतं. निम्म्याहून जास्त! आणि मी ह्यांना सुखी समजत होते. मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो, गोळी सुरू झाली, दर पंधरा दिवसांनी बोलणं सुरू झालं. सरकारची टेली मानस म्हणून फोनसेवा आहे, १४४१६, रात्री-अपरात्रीही उचलतात. तो नंबर मी फ्रिजवर चिकटवलाय. मी स्वतः दोनदा लावलाय.

एकदम काही पालटलं नाही. पण हे माझ्याबरोबर पूर्वीच्या ह्यांच्याबद्दल बोलायला लागले, एखाद्या दूर गेलेल्या ओळखीच्या माणसाबद्दल बोलावं तसं. ‘तो एका दमात सोळा पानं बघायचा, नाही का?’ मी म्हणते, हो, बघायचा. मग दोघं जरा वेळ गप्प बसतो. मला वाटतं, आमचं सुतक आम्ही असं अधूनमधून पाळतो. ते झालं की बहुतेकदा हेच उठून गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालतात. कुणी न सांगता.

ह्या जूनमधल्या वटपौर्णिमेच्या सकाळी मी वही उघडली. मी घरात दिसले नाही की हे घाबरतात, म्हणून कुठे जाते आणि कधी येते ते वहीत लिहून ठेवायची पद्धत आहे. पानं उलटताना पहिलं पान समोर आलं. फाटलेल्या जागी मागून चिकटपट्टी लावलेली होती. खोडलेल्या ‘मुद्रितशोधक’ शब्दाच्या खाली पेन्सिलीने टिंबं दिली होती. सात होती, शेवटची दोन जरा खाली घसरलेली. कधी दिली कोण जाणे, तारीख घातली नव्हती.

मी काही विचारलं नाही. आजच्या पानावर लिहिलं, ‘वडाला जात आहे, अकरापर्यंत येईन.’ हे मागे येऊन उभे होते.

‘अकरा का साडेअकरा, ते नीट लिही,’ म्हणाले.